दगडाक्काचं दुसरं रुखवत

दगडाक्काच्या बापाची जमीन तिच्या लग्नाच्या वेळी कुणाच्या बोलण्यातसुद्धा आली नव्हती. येण्यासारखं त्या जमिनीत काही नव्हतं. आटपाडीच्या पलीकडचा माळ. कुसळं, तरवड आणि दगड. बाप मेंढपाळ. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरायचा आणि पावसाच्या तोंडाला परतायचा. जमीन म्हणजे परतल्यावर मेंढरं बसवायची जागा.

मग बाप गेला. पुढे काही वर्षांनी टेंभू योजनेचं पाणी माळावर आलं. पाण्यामागून डाळिंब आलं. आणि डाळिंबामागून भावांना बहिणीची सही आठवली.

क्रम मी मुद्दाम असा लावलेला नाही. तो तसाच होता.

मी अक्काला ओळखतो ते तिच्या खानावळीमुळे. मी मूळचा वाईचा. साहित्याची पदवी घेतली आणि साताऱ्यात अनंतराव वकिलांकडे टायपिंग आणि भाषांतराला लागलो. पदवीचा इतका थेट उपयोग झाल्याबद्दल घरचे अजून माझ्याकडे आश्चर्यानं बघतात. दोन्ही वेळचं जेवण अक्काकडे.

तिचं नाव दगडाबाई. थोरल्या भावाच्या पाठची दोन मुलं जगली नाहीत, म्हणून हिला दृष्ट लागू नये असं नाव ठेवलं. ती जगली, नाव चिकटलं. नवरा धोंडीराम टेम्पो चालवतो. "दगड आन् धोंडा, देवानंच जोडा जमवला," असं ती खानावळीत आलेल्या नव्या पोराला पहिल्याच दिवशी सांगून टाकते. म्हणजे पुढे कुणी हा विनोद आपला म्हणून करायला नको.

तिची एक सवय आहे. वाढायला घेण्याआधी ती दारात उभी राहून सगळ्या पोरांवर एकदा नजर फिरवते. एखादा कमी दिसला की फोन करते. बापाच्या मागं मेंढरं राखत वाढलेल्या बाईची ती सवय आहे, हे मला उशिरा कळलं. कळल्यावर जरा अपमान वाटला. नंतर गावी गेलो असताना एकदा फोन आला नाही, तर करमेना.

खानावळ वर्षातून एकदाच बंद असायची. नागपंचमीला. दारावर खडूनं लिहिलेलं असायचं, 'अक्का माहेरी'. आदल्या दिवशी धाकटा भाऊ नानासो बापाच्या जुन्या मोटारसायकलवरून तिला न्यायला यायचा. माहेराहून न्यायला येणारा तो मुराळी. नवऱ्याचा टेम्पो दारात उभा, रस्ता पाठ, दोन्ही पोरींची लग्नं झालेली. पण सासुरवाशिणीनं आपण होऊन माहेरी जायचं नसतं. मुराळी आला तर जायचं. नाही आला तर माहेर संपलं असं समजायचं. अक्का देवाचे उपवाससुद्धा सोयीनं करते. हा एक नियम मात्र ती अक्षरशः पाळायची.

त्या वर्षी नानासो आषाढातच आला. अक्का पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर येईतो त्यानं पिशवीतून साडी काढली होती आणि साडीच्या घडीतून कागद.

तो हक्कसोडपत्राचा मसुदा होता. बहिणीनं बापाच्या जमिनीतला आपला हिस्सा भावांच्या नावे सोडून द्यायचा. आमच्याकडे बहुतेक बहिणी तो सोडतात. साडी घेतात, सही करतात आणि माहेरची वाट उघडी ठेवतात. नानासो म्हणाला, एकदाच आटपाडीला रजिस्ट्रारसमोर यायचं, गाडी मी करतो. अक्का म्हणाली, ठेवून जा, वाचून घेते.

वाचायचं काम माझ्याकडे आलं. मी जेवता जेवता वाचून दाखवलं. 'मी माझ्या राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय, बंधुप्रेमापोटी...'

"ही राजीखुशी कुणी लिवली?" तिनं विचारलं.

मी सांगितलं की सगळ्या हक्कसोडपत्रांत हेच असतं. ऑफिसात आम्ही आधीच टाइप करून ठेवतो आणि फक्त नावं बदलतो.

तिनं थापलेली भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाली, "केली असती रं सही. पर त्यानं आधी मुराळी म्हणून यायचं व्हतं. पंचमीला न्यायचं, झोक्यावर बसवायचं, दिंडं खाऊ घालायची, आन् मग हळूच कागद काढायचा. ह्यानं दारातच काढला."

म्हणजे तिचं दुःख जमिनीचं नव्हतं. आधी काय आणि मग काय, याचं होतं. मला ते तेव्हा गमतीचं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिनं थोरल्या भावाला, दादासोला, फोन लावला आणि सांगितलं की सही करणार नाही, माझा हिस्सा काढा. दादासोनं फोन ठेवला. पंधरवड्यानं उत्तर आलं ते वकिलाच्या नोटिशीतून. तीही मीच वाचली. सगळी पोरं जेवायची थांबली होती. नोटिशीत म्हटलं होतं की वडिलोपार्जित मिळकत ही एकत्र कुटुंबाच्या हॉचपॉटमध्ये आहे, आणि आपणांस आपला हिस्सा विवाहसमयी आंदण व रुखवताच्या रूपाने पूर्वीच पावला आहे.

"हॉचपॉट म्हंजी?" अक्का म्हणाली.

पदवी मिळाल्यापासून मला पहिल्यांदाच कुणी एका शब्दाचा अर्थ विचारला होता. मी जरा जास्तच तयारी केली.

संध्याकाळी मी तिला सांगितलं. शब्द मूळचा फ्रेंच. त्यातला पॉट म्हणजे आपलं भांडं, आणि पुढचा भाग म्हणजे हलवणं, हिसळणं. मटण, कांदा, कंदमुळं, जे हाताला लागेल ते एका भांड्यात टाकून हलवून शिजवायचं, त्या कालवणाचं हे नाव. पुढे इंग्रजांच्या तोंडात त्याचं हॉजपॉज झालं आणि कसल्याही गबाळ्या सरमिसळीला लोक ते म्हणू लागले. पण मधल्या काळात तो शब्द कायद्यात शिरला, आणि तिथून काही बाहेर पडला नाही.

"कालवण कायद्यात कशाला?"

मी सांगितलं. सहाशे-सातशे वर्षांपूर्वी तिकडे बाप लेकीला लग्नात जमीन द्यायचा. बाप मेला की उरलेल्या जमिनीची वाटणी. जिला आधीच मिळालं, तिला उरलेल्यातही वाटा हवा असेल तर तिनं आपलं मिळालेलं परत भांड्यात टाकायचं. सगळं एकत्र हलवायचं आणि मग सारखं वाढायचं. टाकायचं नसेल तर आपलं घेऊन गप्प बसायचं.

ती ऐकत होती. हातातली लसूण तशीच राहिली.

"आन् बाकीच्यांनी?"

"ज्याला ज्याला बापाकडून आधी मिळालं, त्या सगळ्यांनी टाकायचं," मी म्हणालो. तेव्हा पोरी-पोरींतच वाटणी व्हायची, हे मी सांगायला हवं होतं. गोष्ट चांगली जमत होती म्हणून सांगितलं नाही.

अनंतरावांना मी हे सगळं ऑफिसात उत्साहानं ऐकवलं. ते चष्म्यावरून बघत राहिले. मग अक्काला बोलावून त्यांनी नीट समजावलं. आपल्या कोर्टात हॉचपॉट म्हणजे नुसतं एकत्र कुटुंबाचं सामाईक डबोलं, बाकी इंग्लंडातल्या कालवणाशी आपला संबंध नाही. लग्नात भांडी मिळाली म्हणून जमिनीतला हक्क जात नाही. दावा टाकू, जिंकूही. निकाल ऐकायला बहुधा पोरींची पोरं येतील.

"आणि ह्यानं सांगितलेलं ते कोर्टात बोलू नका," ते माझ्याकडे बोट करून म्हणाले. "हसतील."

"कोर्टात कोण बोलतंय," अक्का म्हणाली.

त्यानंतर खानावळीतल्या वस्तू कमी होऊ लागल्या. आधी समई गेली. मग पितळी परात. पाण्याचं पिंप ज्या तिवईवर असायचं ती गेली आणि पिंप जमिनीवर आलं. डाळ-तांदूळ ज्यात असायचे ते लोखंडी कपाट एके सकाळी रिकामं दिसलं. त्याचं एक दार कधीच नीट लागत नव्हतं, ते तिनं सुतळीनं बांधलं होतं. अक्काला विचारलं तर म्हणाली, पंचमी जवळ आली. मला वाटलं साफसफाई.

पंचमीच्या आदल्या दिवशी तिनं हाताला मेंदी लावली. नवा चुडा भरला. दिवसभर मोटारसायकल वाजली की ती दाराकडे बघायची आणि मग बघितलंच नाही असं दाखवायची. जेवायला आलेल्या पोरांना त्या दिवशी आमटीत मीठ दोनदा पडलेलं लागलं. सगळ्यांनी ती मुकाट संपवली. संध्याकाळी दिवा लावून ती आत गेली.

पंचमीच्या सकाळी मी चहाला गेलो तर टेम्पो भरून तयार होता. कपाट, परात, घागर, कळशी, समई, ताटं, तिवई. एका मोठ्या तांब्याच्या हंड्याला बुडाशी भोक पडलेलं होतं. अक्कानं त्यात कढीपत्ता लावला होता. तो कढीपत्त्यासकट वर चढवलेला होता.

"हे सगळं रुखवतात आलेलं," ती म्हणाली. "भांड्यात टाकाया चाललेय."

मी धोंडीरामकडे बघितलं. तो टायरची हवा बघत होता. त्याला बायकोशी वाद घालताना मी कधी बघितलेलं नाही. नंतर कळलं की त्यानं लग्नाच्या दुसऱ्या वर्षी एकदा घातला होता.

"मुराळी न्हाई आला," ती म्हणाली, "म्हणून तू चल. तू मुराळी."

मी म्हटलं, अक्का, मुराळी माहेरचा असतो. मी वाईचा. तुझ्या माहेरी मी पाऊलसुद्धा ठेवलेलं नाही.

"इंग्रजाचा कायदा चालतुय, तर तू बी चालशील. बस."

मी कपाट आणि हंडा यांच्या मधे बसलो. कराड, विटा करत आम्ही माळावर पोचलो. मी फक्त नकाशात बघितलेला दुष्काळी भाग आता हिरवागार होता. डाळिंबाच्या ओळी, ठिबकच्या काळ्या नळ्या, आणि मधे भावांचं नवं स्लॅबचं घर. कडुनिंबाला झोका बांधला होता. वस्तीवरच्या बायका त्याच्याभोवती जमल्या होत्या. टेम्पो बघून झोका थांबला.

अक्कानं कुणालाच काही सांगितलं नाही. बापानं दिलेलं काळं घोंगडं अंगणात अंथरलं आणि त्यावर एकेक वस्तू मांडायला घेतली. लग्नात रुखवत मांडतात तशीच. परात मधे, ताटं गोल, समई उजवीकडे. मुराळ्यानं कपाट उतरवलं.

बायकांना अर्थ कळला नाही, पण रुखवत कळलं. त्या पुढे झाल्या. एक म्हातारी म्हणाली की ही समई हळदीच्या दिवशी मीच चिंचेनं घासली होती. दुसरीनं ताट उलटं करून नाव वाचलं. एकीनं सवयीनं अक्काला नाव घ्यायचा आग्रह केला. अक्कानं धोंडीरामचं नाव घेतलं. धोंडीराम टेम्पोच्या मागं गेला.

ओट्यावर तिची आई, बयाबाई, बसली होती. पांढरं पातळ, डोळ्याला कमी दिसतं, बोलणं जवळजवळ बंद. ती मान वळवून भांड्यांचे आवाज ऐकत होती.

दादासो पाठीवर फवारणीचा पंप घेऊन बागेतून आला. थोराड माणूस. अंगणाच्या कडेला थांबला.

"हे काय दुकान मांडलंस, दगडे?"

"तुझ्या वकिलानं लिवलंय, माझा हिस्सा रुखवतात पावला. ते समदं माघारी आणलंय, दादा. भांड्यात टाकलं. आता तुमी तुमचं टाका."

"कसलं भांडं?"

तिनं माझ्याकडे हात केला. मला सांगणं भाग पडलं. कढीपत्त्याचा हंडा दोन्ही हातांत धरून मी फ्रेंच कालवणापासून सुरुवात केली. साहित्याच्या पदवीला इतका शांत श्रोतृवर्ग मी पूर्वी बघितला नव्हता. माझं संपल्यावर समई घासलेली म्हातारी म्हणाली, "मग दादासोची बोअर टाका की त्यात. म्हातारा असतानाच मारली व्हती."

पुढचं काम बायकांनीच केलं. अक्काला तोंड उघडावं लागलं नाही. थोरल्याचं लग्न बापानं मंडपाचं केलं होतं, ते कुणाला तरी आठवलं. नानासोला डी.एड.ला घातलं होतं. बोअरवरची मोटार. गोठ्याचे पत्रे. प्रत्येक गोष्टीला साक्षीदार हजर होते आणि सणाचा दिवस असल्यानं कुणालाच घाई नव्हती. नानासो खाली मान घालून ऐकत होता. एकाएकी तो उठला, घरामागं गेला आणि बापाची मोटारसायकल ढकलत आणली. ती त्यानं समईशेजारी स्टँडवर लावली. बायका हसल्या. तो हसला नाही. डी.एड. कसं आणून ठेवायचं, हे मात्र त्यालाही सुचलं नसावं.

दादासोचा चेहरा लाल झाला. तो रुखवताजवळ आला, वस्तूंवर नजर फिरवली आणि त्याला काहीतरी सापडलं.

"समदं आणलंस म्हंतीस. बानं तुला मेंढरं बी दिली व्हती आंदणात. ती कुठं हायत? का खाल्ली साताऱ्यात?"

अक्का गोंधळली. मला ती गोंधळलेली पहिल्यांदाच दिसली. मेंढरं तिच्या खरंच लक्षात नव्हती.

"तिनं नेली कवा?"

आवाज ओट्यावरून आला होता. बयाबाई समोर कुठंतरी बघत बोलत होती.

"साताऱ्याला कुठं बांधणार म्हणून तुझ्या बाच्याच मेंढरांच्या खांडात ऱ्हायली की ती. आठवंना व्हय? पाणी आल्यावर समदं खांड इकलंस, दादासो. त्यातच गेली तिचीबी, समद्या पिल्लांसकट. त्या पैशावरच तर बाग उभी केलीस."

दादासोच्या पाठीवरच्या पंपातून थेंब थेंब औषध गळत होतं. इतकी वर्षं अक्काचा वाटा भांड्यातच होता, आणि हे फक्त जिला कुणी नोटीस पाठवली नव्हती तिलाच माहीत होतं. बयाबाई पुन्हा गप्प झाली. जणू वेळ विचारली होती आणि तिनं सांगितली.

दादासोनं पंप उतरवला आणि घोंगड्याच्या काठावर बसला.

"काय पायजे तुला?" त्यानं विचारलं.

"सातबाऱ्यावर नाव. रान तुमीच कसा. मी काय डाळिंब मोजाया येणार न्हाई."

"एवढंच?"

"आन् पंचमीला मुराळी."

"त्यो काय कागदावर लिवून देऊ?"

"न्हाई," अक्का म्हणाली. "त्यो कागदावर येत न्हाई, म्हणून तर मी आले."

दादासोनं मान हलवली. मला वाटतं, सुटलो असंच त्याला वाटलं असावं. जमीन त्याच्याकडेच राहणार होती. नुसतं एक नाव लागणार होतं. नावाला काय लागतं.

मग पुरणाची दिंडं खाल्ली. अक्का झोक्यावर बसली आणि नानासोनं झोका दिला. मुराळी म्हणून मलाही टॉवेल-टोपी मिळाली. रुखवत परत न्यायला अक्का तयार नव्हती. भांड्यात टाकलेलं काढायचं नसतं, म्हणाली. शेवटी कपाट तेवढं नेलं, कारण डाळ-तांदूळ उघड्यावर होते.

नाव लागलं. दादासोला नावाला काय लागतं ते पुढच्या दोन महिन्यांत कळलं. बँकेत पीककर्जाला गेला तर साहेब म्हणाले, चारही खातेदारांच्या सह्या. ठिबकच्या अनुदानाला तेच. विम्याला तेच. विहिरीच्या मोटारीचं कनेक्शन वाढवायचं, तर अक्काचं संमतीपत्र. म्हातारीचा अंगठा घरात होता. अक्काची सही साताऱ्यात होती.

तेव्हापासून मुराळी दर महिन्याला येतो. कधी नानासो, कधी खुद्द दादासो. डाळिंबाची पेटी आणतात. पाणी पितात, भाच्यांची चौकशी करतात, पोरांच्या पंक्तीला बसून जेवतात, हवापाण्याचं बोलतात. कागद दारात काढत नाहीत. कुणीच सांगितलेलं नाही, पण आधी काय आणि मग काय, हे दोघांनाही पाठ झालं आहे. दारावर 'अक्का माहेरी' इतक्यांदा लिहावं लागतं की धोंडीरामनं ते ऑइलपेंटनं रंगवून पाटी केली आहे, उलटी-सुलटी करायची. आम्ही पोरं बाहेर वडापाव खातो आणि टेंभू योजनेला शिव्या देतो.

आणि तिकडे गेल्यावर अक्का पहिल्या दिवशी सही करत नाही. नानासोच तक्रार करत होता. बँक बंद व्हायची वेळ झाली तरी ही आईचं डोकं विंचरत बसते. आज राहू दे, म्हणते. उद्या बघू.

परवा दादासो आला होता. बाहेर त्याची गाडी सुरू होती. अक्का आत पिशवी भरत होती. मी तिला विचारलं, "अक्का, हे तुला न्यायला येतात, का सहीला?"

तिनं पिशवीचा बंद ओढला आणि दाराकडे बघून आवाज कमी केला.

"त्यांनाबी आता सांगता यायचं न्हाई," ती म्हणाली. "तू इचारू नगंस."

मग ती बाहेर गेली, दादासोच्या मागं गाडीवर बसली आणि त्याला म्हणाली, सावकाश चल, बँक काय पळून जात न्हाई.